बैल फिरवायला निघालेली बाई

बायकांच्या दुखण्याबद्दल पुरुषानं लिहू नये असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल पान उलटावं. माझी शाळा तिसरीत सुटली. पण डोळ्यानं पाहिलेलं लिहायला तिसरी पुरते, आणि हे मी पाहिलं आहे. माझ्याच घरात, माझ्याच गुरांच्या कोठ्यात.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, तामसीकडचं. काळी जमीन, त्यात पऱ्हाटी आणि ज्वारी. कापूस फुटला की वेचणीच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात. घरची थोरली बाई दहीभाताचं मडकं डोक्यावर घेऊन अनवाणी वावरात जाते. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, दहीभात चहूकडं शिंपते आणि मग पहिलं बोंड वेचते. तिनं वेचल्याशिवाय दुसरी कोणी कापसाला हात लावत नाही. आणि जायचं ते पायी. बैलबंडीत बसून आलेलं मडकं सीतामायला चालत नाही, हे माझ्या आजीच्याही आधीपासूनचं. माझ्या आणि धाकट्या भावाच्या वाटण्या झाल्या, वावरात मधे बांधाचा धुरा पडला, पण सीतादही एकच राहिली. आई गेल्यापासून ती माझ्या बायकोच्या हातची.

मागल्या वर्षी ती तिच्या हातून झाली नाही.

घरून नीट निघाली होती. नाल्याशी आलो आणि तिचं तोंड एकदम लाल झालं, तव्यावर धरल्यासारखं. सकाळची थंडी होती, आम्ही अंगावर पांघरूण घेऊन होतो, आणि तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. छाती धडधडते म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली. मडकं कलंडणार तेवढ्यात तिच्या जावेनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं, ते झेललं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. सीतादही जावेनं केली. परतताना ती म्हणाली, "बाई, तुमी आता आराम करा. दरसाल मीच करत जाईन." चांगल्या मनानंच म्हणाली. पण माझ्या बायकोनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही.

मी त्याच दिवशी ठरवलं. चौकात पानठेल्यावर चार माणसं होती, त्यांच्यासमोर बोललो, "आजपासून आमच्या घरच्या बाईनं वावरात पाय ठेवाचा नाही. गंज केलं तिनं, जन्मभर राबली. आता तिनं बसून खायाचं." मी बोललो की बोललो. गावात सगळ्यांना माहीत आहे.

तिला मी बाजेवरून उठू दिलं नाही. अंगणात नळ आला होताच. दळण सून चक्कीवर नेत होती. तूप आणलं, डिंकाचे लाडू करवले. माझ्या कोठ्यातला थोरला बैल म्हातारा झाला तेव्हा त्याला मी जसा जुवाखालून मोकळा केला, ढेप-सरकी चालू ठेवली, तसंच. ज्यानं जन्मभर ओढलं त्याला बसवून खाऊ घालावं, यात चूक काय आहे? मला अजूनही त्यात चूक दिसत नाही. फक्त ते तिला मानवलं नाही, एवढंच.

ती सुजल्यासारखी दिसायला लागली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून "माय वं" म्हणायची. रात्रभर पंखा चालू, गोधडी पायाशी, आणि सकाळी डोळे तांबारलेले. एकदा कपाची दांडी तुटली तर रडली. दुसऱ्या दिवशी त्याच कपावरून मला बोलली. महिन्याचं बंद होऊन तिला बरेच दिवस झाले होते, हे सुनेनं माझ्या मुलाला सांगितलं आणि मुलानं खाली मान घालून मला. आमच्याकडं अशी गोष्ट पुरुषाच्या कानावर यायला इतकी वळणं लागतात.

सून तिला आदिलाबादला डॉक्टरीणबाईकडं न्यायला निघाली. मी म्हणालो, मीपण येतो.

"मामाजी, ते बायाइचं हाय," सून म्हणाली.

"बायको माही हाय," मी म्हणालो, आणि बसमध्ये तिच्या आधी चढलो.

डॉक्टरीणबाई तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलल्या. छाती तपासली, रक्त तपासलं, पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावलं. मोठं काही निघालं नाही. त्या म्हणाल्या, या वयात बाईच्या अंगात बदल होतो, त्यानं असे वाफारे येतात, झोप जाते, चिडचिड होते, आणि आतून हाडंही विरळ व्हायला लागतात. गोळ्या थोड्याच लिहिल्या. मग म्हणाल्या, "रोज चलना. थोड़ा-थोड़ा वजन उठाना. कुछ पकड़के एड़ी ऊपर-नीचे करना. एकदम नहीं, धीरे-धीरे बढ़ाना."

मी उभा राहिलो. "म्याडम, इनं जिंदगीभर वजनच उठाया. अब तो बैठने दो."

बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "बिठा के देख लिया ना, बाबा? कैसी है, बताओ."

मी खाली बसलो. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

बंद झालेलं पुन्हा दिसलं तर लपवायचं नाही, लगेच यायचं, असंही बाईंनी दोघींना बजावलं. हे मी मुद्दाम लिहितो. आमच्याकडं बाया ते लपवतात.

बसमध्ये बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "औंदा सीतादही मले कराची हाय. माह्या पायानं जाऊन."

"तू बाजेवरून कोठ्यापर्यंत जाऊन दाखव आंधी," मी म्हणालो.

"दाखवतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायाही तसंच बोलतात.

पण मी काही तिला चालायला लावणार नव्हतो. लोकांसमोर शब्द दिलेला. उद्या पांदणीनं ती चालताना दिसली की पानठेल्यावर म्हणतील, म्हाताऱ्याचं बोलणं वाऱ्यावर गेलं. शिवाय काम नाही, धाम नाही, नुसतं चालायचं, हे आमच्या गावात कोणी केलेलं नव्हतं. इथं माणूस चालतो तो कुठंतरी जायला.

आता थोरल्या बैलाचं सांगतो. त्याला मी रोज संध्याकाळी पांदणीनं फिरवून आणायचो. म्हातारं जनावर खुट्याला बांधून ठेवलं की पाय धरतात, मग ते उठत नाही. हे मला कोणी शिकवायला लागत नाही. एका संध्याकाळी मी त्याचं दावं सोडत होतो. बायको बाजेवर बसून पाहत होती.

"काहो, त्याले कुठं नेता?"

"फिरवतो. रोजच नेतो न."

"काऊन? त्याच्यानं तं काही काम होत नाही आता."

"पाय आखडतात त्याचे, बसून बसून."

बोललो आणि मलाच कळलं की हे बोलायला नको होतं. ती बाजेवरून उतरली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली, चपला घातल्या.

"बैलाचं कळते तुमाले," ती म्हणाली. "चाला."

"लोक काय म्हनतील?"

"बैलासंगं जाताना लाज नाही वाटत, बायकोसंगं वाटते?"

मी शेवटी दावं तिच्या हातात दिलं. "हे धर. कोनी इचारलं तं सांगाचं, बैल फिरवून राह्यली. बैल फिरवणं म्हंजे काही वावरातलं काम नोहे." यात माझा शब्दही राहिला आणि तिचंही झालं. असं डोकं लढवावं लागतं.

पहिल्या दिवशी ती मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि बसली. बैलही थांबला. त्याला घाई नव्हती. मग रोज थोडं पुढं, थोडं पुढं. उन्हाळ्यात आमच्याकडं ऊन असं असतं की चिमणी झाडातून बाहेर येत नाही, म्हणून आम्ही पहाटेला जायला लागलो. पावसात पांदणीचा चिखल चपलेला धरायचा. मग सडकेच्या कडेनं.

वाफारा कधी यायचा नेम नव्हता. चालता चालता तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि पावलं अडखळायची. मी ते ओळखायला शिकलो. पण तिला "थांब" म्हटलं की ती चिडायची, "मले काय झालं थांबाले?" म्हणून मी बैलाला "हो रे, हो" म्हणायचो. बैल थांबायचा, म्हणून तीही थांबायची. बाईंनी सांगितल्यासारखा श्वास हळूहळू घ्यायची, पदरानं वारा घालायची. मी बैलाच्या मानेवरच्या गोचड्या काढत उभा राहायचो. इतक्या वेळा काढल्या की बैलाच्या अंगावर गोचडी उरली नाही, तरी काढत राहायचो. तोंडावरची लाली उतरली की ती म्हणायची, "झालं का नाही तुमचं? चाला." मग चालायचं.

आता म्हातारा बैल रोज सडकेनं मिरवताना दिसला की आमच्याकडं लोक एकच समजतात, बैल विकायला काढला. नेरडीगोंड्याकडचा एक दलाल फटफटीवरून थांबला. बैलाचे दात पाहायला पुढं झाला आणि मला हिंदीत विचारलं, "बेचना है क्या?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "बैल नाही, बुढा विकाचा हाय. घेता का?"

दलाल हसता हसता फटफटीवरून पडता पडता राहिला. म्हणाला, "अम्मा, इसके दांत कितने हैं?"

"गिनके लेओ," ती म्हणाली. तिचं हिंदी माझ्यापेक्षा खराब आहे, पण तिला त्याची लाज नाही.

मी आठ दिवस त्या सडकेनं गेलो नाही. पांदणीनं गेलो.

घरी दुसरा खेळ चालू होता. सकाळी ती कोठ्यातल्या मेढीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि टाचा वर, टाचा खाली. बैल रवंथ करत तिच्याकडं पाहायचा. मग तिनं मडकं काढलं, तेच सीतादहीचं, आणि त्यात नाल्याची रेती भरली. आधी मूठभर, मग जरा जास्त. डोक्यावर घेऊन अंगणात येरझारा.

"मडकं फोडशीन," मी म्हणालो.

"मडकं पक्कं हाय. मान इसरली होती, तिले याद देऊन राह्यलो."

हे सगळं तिची जाऊ भिंतीपलीकडून पाहत होती. आमची अंगणं लागून आहेत. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्या घरात भासऱ्याशी तोंड देऊन बोलत नाहीत. तिला मला काही सांगायचं असलं की ती बैलाला सांगते. एक दिवस डोक्यावर पदर घेऊन ती कोठ्याच्या दाराशी आली आणि बैलापुढं कडबा टाकत म्हणाली, "बैला, तुहे बरे दिवस हायत बावा. तुले दोघं-दोघं फिरवाले नेतात. आमच्या इथं कोनी इचारत नाही, गुडघा दुखला तं गुडघ्याले आपल्या हातानं तेल लाव."

मीही बैलालाच सांगितलं, "बैला, तिले म्हन, पांदन काही आमच्या बापाची नोहे. याचं तं ये."

दुसऱ्या पहाटेपासून तीही आली. तिचंही त्याच वयाचं काहीतरी सुरू झालं होतं, हे मला बैलाकडून कळलं. दोघी मागं, मी आणि बैल पुढं. पोळ्याच्या सुमाराला दोघी पुढं, बैल आणि मी मागं. एवढ्या कशाबद्दल बोलायच्या कोण जाणे. मला ऐकू यायचं ते फक्त हसणं.

पोळ्याला खांदमळणी केली, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं. उरलेलं तूप बायकोनं उचललं आणि आपल्या गुडघ्यांना लावलं. सून म्हणाली, "आत्याबाई, आता शिंगं रंगवू का?" घरात अशी थट्टा पुष्कळ दिवसांनी ऐकली. बायको आता पहाटेपर्यंत झोपायची. वाफारे अगदी गेले असं नाही, ते यायचे. पण आली गाडी, गेली गाडी, असं तिचं झालं होतं.

मग कापूस फुटला.

दिवस ठरला. मी आदल्या दिवशीच भावाला सांगितलं, तुझी बंडी आण. बायको पाहत राहिली.

"बंडी कायले?"

"सामान ठेवाले."

"सामान म्हंजे मडकंच न? ते तं माह्या डोक्यावर हाय."

"पाणी हाय, भाकरी हाय." मी मुद्दा सोडला नाही. खरं कारण तिलाही माहीत होतं. नाल्याशी पुन्हा तसंच झालं तर तिला उचलून आणायला काहीतरी हवं होतं. मला त्या दगडाची भीती होती, ज्यावर ती बसली होती. तिला नव्हती असं नाही. सकाळी मडक्यात दहीभात भरताना तिनं दोनदा बाहेर येऊन नाल्याच्या वाटेकडं पाहिलं. जाऊ आली, तिनं चुंबळ करून दिली, आणि दोघी एकमेकींकडं न पाहताच काहीतरी बोलल्या.

निघालो. पुढं बायको अनवाणी, मडकं डोक्यावर. बाजूला जाऊ. मग सून, हळदकुंकवाचं ताट घेऊन. मग मी, थोरल्या बैलाचं दावं धरून. त्याला घरी ठेवला असता तर त्यानं कोठा डोक्यावर घेतला असता. सगळ्यात मागं भावाची बंडी.

नाला आला. आणि मला तिच्या कानाच्या पाळ्या दिसल्या.

लाल. मान लाल. पाठीवरचं पोलकं भिजायला लागलं. ती पाण्यात एक पाऊल टाकून उभी राहिली. शेजारी तोच दगड. जावेचे दोन्ही हात वर आले, मडकं घ्यायला, मागल्या वर्षी आले तसे. भावानं बंडी थांबवली.

मी म्हणालो, "हो रे, हो."

बैल थांबला. मान खाली घालून नाल्याचं पाणी प्यायला लागला. सावकाश, म्हातारं जनावर पितं तसं. मी त्याच्या मानेवर गोचडी शोधायला लागलो.

जावेनं माझ्याकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, आणि हात खाली घेतले.

बायको उभी होती. मडकं डोक्यावर, एक हात मडक्याला, पाय पाण्यात. श्वास आत, श्वास बाहेर. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला तरी तिनं पुसला नाही. बैलाचं पाणी संपेना. मला वाटलं हा नाला पिऊन टाकतो की काय.

मग ती मागं न वळता म्हणाली, "झालं का नाही तुमचं?"

"झालं," मी म्हणालो.

"मंग चाला."

नाल्यापलीकडं चढ आहे. ती चढ चढून गेली. जाऊ तिच्या मागं, पण हात मोकळे ठेवून. मी चढाच्या अर्ध्यावर थांबलो, कारण माझ्या पोटऱ्यांत गोळा आला होता. वर पोचलो तेव्हा खडे मांडून झाले होते. ती दहीभात शिंपत होती, चारी दिशांना, हात लांब फेकून. त्यातला एक गोळा माझ्या टोपीवर पडला. चुकून पडला असं ती म्हणते.

पहिलं बोंड तिनं वेचलं. दुसरं वेचून जावेच्या ओटीत टाकलं. मग मजुरणी सऱ्यांमध्ये शिरल्या आणि वावरात नुसती बडबड सुरू झाली. मी धुऱ्यावर पोटरी चोळत बसलो होतो. जाऊ जवळून गेली, थांबली, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बैला, तुह्या मालकाले सांग, सीतादही जिच्या हातची तिच्याच हातची राहीन. मी आपली संगं चालीन."

परतताना बायकोनं पहिल्या कापसाचं लहानसं गठोडं डोक्यावर घेतलं. मी उठलो, पण पोटरीनं पुन्हा गाठ मारली. दोन पावलं टाकली आणि परत धुऱ्यावर टेकलो.

बायको थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग बंडीकडं.

"बसा त्याच्यात," ती म्हणाली. "सामान ठेवालेच आणली होती न?"

भाऊ हसला. सून ताटाआड तोंड लपवून हसली. मी बसलो. बायकोनं थोरल्या बैलाचं दावं हातात घेतलं आणि दोघी जावा पुढं निघाल्या, गठोडं डोक्यावर, बैल बाजूनं.

बंडी पानठेल्यावरून गेली. तिथं तीच चार माणसं होती. एकजण ओरडला, "काऊन बाबा? घरच्या बाईनं वावरात पाय ठेवाचा नाही, अशी गोठ झाली होती न?"

"बैल फिरवाले गेली होती ती," मी म्हणालो.

"अन् तुमी?"

बंडी भावाची, कापूस आमच्या वावरातला, आणि तो पुढं घेऊन चाललेली बायको माझी. मी टोपीवरचा भात झटकला नाही.

"मी पाह्यत येऊन राह्यलो," मी म्हणालो, "ती कशी चालते ते."